‘कोणती टाकी? पुढची की मागची?’

आलेला प्रश्न थोडक्यात असा : “आम्ही दोघं सध्या जर्सी सिटीत भाड्यानं राहतो. मिडलसेक्स किंवा सॉमरसेट काउंटीत घर घ्यायचंय. एक आवडलंय, १९५६ सालचं, मागे मोठं अंगण. एजंट म्हणतो ऑइल टँकचा (घर गरम करायच्या तेलाची जमिनीखालची जुनी टाकी) विषय क्लोज झालाय, कागद आहे. मित्र म्हणतो न्यू जर्सी म्हणजे सगळं केमिकलचं डंपिंग ग्राउंड, त्यापेक्षा पेनसिल्व्हेनियात जा. सासरे दर वर्षी सहा महिने येतात, त्यांना भाजी लावायची असते. कुठलं गाव स्वच्छ आहे?”

गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण असं गाव नाही. पेनसिल्व्हेनियातही नाही.

आधी माझी ओळख. मी मूळची चिपळूणची, भूगर्भशास्त्र शिकले, आणि गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत माती आणि भूजलाच्या प्रदूषणाचं काम करते. २००९ च्या कायद्यानं या राज्यात ‘लायसन्स्ड साइट रेमेडिएशन प्रोफेशनल’ नावाचा प्रकार आला. जागा साफ झाली की नाही याचा दाखला आता बहुतेक ठिकाणी सरकारी अधिकारी देत नाही, आमच्यासारखा परवानाधारक माणूस देतो. आणि त्याची फी, बहुतेक वेळा, ज्यानं घाण केली तोच भरतो. यात काय गोम असू शकते ते तुमच्या लक्षात आलं असेलच. बहुसंख्य लोक चोख काम करतात, मीही करते असं मला वाटतं. पण कागद वाचताना एवढं ध्यानात ठेवा की जिथं भोक पाडून नमुना घेतला, तिथलंच त्यात लिहिलेलं असतं. जिथं कोणी बघितलंच नाही, त्याबद्दल कागद गप्प बसतो.

तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. देशातल्या सुपरफंड जागा, म्हणजे केंद्र सरकारच्या यादीतल्या सगळ्यात वाईट विषारी जागा, सर्वांत जास्त याच राज्यात आहेत, शंभराच्या वर. कारखाने इथं फार लवकर आले आणि दाटीवाटीनं आले. पण शोध घेणंही इथंच लवकर सुरू झालं. राज्याचा स्पिल अ‍ॅक्ट, म्हणजे सांडलेल्या घाणीची जबाबदारी ठरवणारा कायदा, केंद्राच्या सुपरफंड कायद्याच्या आधीचा आहे. १९८० चा तो केंद्रीय कायदा संसदेत रेटून नेणारे जेम्स फ्लोरिओही न्यू जर्सीचेच; पुढे ते इथले गव्हर्नर झाले. म्हणजे यादी लांब आहे ती काही अंशी इथं कोणीतरी मोजलं म्हणून.

आता तुमचं घर. गावाकडे जमीन घेताना आपण काय करतो? सातबारा काढतो, फेरफार बघतो, आणि शिवाय गावातल्या एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याच्या ओटीवर बसून चहा पिता पिता विचारतो, “काका, हा तुकडा कसा आहे?” इथं आल्यावर आपण पहिल्या दोन गोष्टी इमानदारीत करतो आणि तिसरी सोडून देतो. अमेरिकेत असं कुणाला विचारत नाहीत म्हणे. विचारतात. आणि लोक भरभरून सांगतात.

मी स्वतः ठेचकाळून शिकले. आमचं पहिलं घर आम्ही २००४ साली घेतलं, मिडलसेक्स काउंटीतच, पन्नासच्या दशकातलं. जमिनीखालची तेलाची टाकी काढल्याचं टाउनशिपचं, म्हणजे इथल्या गावपालिकेचं, परमिट होतं, सही-शिक्का सगळं. मी याच धंद्यातली, तरी त्या एका कागदावर निर्धास्त झाले. राहायला गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात शेजारचे हंगेरियन वंशाचे आजोबा कुंपणापाशी आले. बोलता बोलता मी ऐटीत सांगितलं की आमची टाकी आधीच काढलेली आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, “कोणती? पुढची की मागची?”

झालं होतं असं की पुढची टाकी गळायला लागल्यावर कधीतरी मूळ मालकानं तिच्यात वाळू भरली आणि मागच्या अंगणात दुसरी पुरली. परमिट निघालं ते मागचीचं. पुढची तशीच, अझेलियाच्या झुडपांखाली. ती काढताना खालची माती ओंजळीत घेतली तर करडी, तेलकट, डिझेलच्या पंपावर येतो तसा वास. साडेतीन ट्रक माती गेली. विम्यानं हात वर केले, आणि कायद्याप्रमाणे जबाबदारी नव्या मालकाच्या गळ्यात. नवऱ्यानं अजूनही मला त्यावरून ऐकवायचं सोडलेलं नाही.

तेव्हा १९५६ च्या घराला ‘टँक स्वीप’ केल्याशिवाय हात लावू नका, कागद असला तरी. धातुशोधक आणि रडार घेऊन एक माणूस तास-दीड तास अंगणात फिरतो, काहीशे डॉलर घेतो. गळक्या टाकीची सफाई दहा हजारांपासून सुरू होते आणि तेल भूजलात उतरलं असेल तर कुठवर जाईल याला धरबंध नाही. तुम्ही स्वतःही बघू शकता. घराच्या भिंतीलगत जमिनीतून वर आलेले दोन लोखंडी पाइप आहेत का, एक झाकणाचा तेल भरायचा आणि एक टोकाशी वाकलेला हवेचा? बेसमेंटच्या भिंतीतून जमिनीलगत बाहेर आलेल्या, चिमटून बंद केलेल्या दोन बारीक तांब्याच्या नळ्या आहेत का? नळ्यांच्या दोन जोड्या दिसल्या तर दोन टाक्या समजा. टाकी काढल्याचं परमिट असेल तर त्याच्याबरोबर मातीच्या चाचणीचा अहवाल आणि राज्याच्या पर्यावरण खात्याचं ‘नो फर्दर अ‍ॅक्शन’ (पुढं काही करायला नको) असं पत्र मागा. टाउनशिपचे जुने कागद ‘ओप्रा’ या राज्याच्या कायद्याखाली अर्ज करून मिळतात, आपल्या माहिती अधिकारासारखंच. सहसा सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं.

आणि शेजाऱ्यांशी बोला. दोन्ही बाजूंच्या.

अंगणाबद्दल. सासऱ्यांचा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलाय, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. न्यू जर्सीला ‘गार्डन स्टेट’ म्हणतात ते उगाच नाही, आज जिथं आपल्या लोकांच्या कॉलन्या आहेत तिथं पूर्वी सफरचंद-पीचच्या बागा आणि बटाट्याची शेतं होती. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी येईपर्यंत या बागांवर लेड आर्सेनेट हे कीटकनाशक फवारायचे. शिसं आणि आर्सेनिक दोन्ही मातीच्या वरच्या फूटभर थरात बसून राहतात, पावसानं धुपून जात नाहीत. बाग गेली, घरं आली, लॉन आलं, विष तिथंच.

हे बघायला एक सुंदर साधन आहे. पर्यावरण खात्याच्या ‘जिओवेब’ या नकाशावर १९३० च्या दशकात विमानातून काढलेली अख्ख्या राज्याची छायाचित्रं आहेत. आपला पत्ता टाकायचा आणि काळाच्या मागं जायचं. रांगेनं ठिपके दिसले, शाळेतल्या रांगोळीच्या कागदासारखे, तर ती बाग. मग माती तपासून घ्या. रटगर्स विद्यापीठाची माती प्रयोगशाळा शिशाची चाचणी करते; आर्सेनिकसाठी खासगी लॅब शोधावी लागली तरी शोधा. घरांच्या मातीसाठी राज्याची आर्सेनिकची मर्यादा किलोला १९ मिलिग्रॅम आहे. आकडा जास्त आला म्हणून घर सोडायची गरज नाही. लाकडी चौकटी करून फूट-दीड फूट उंच वाफे, खाली कापड, वर विकत आणलेली माती, त्यात अळू, मेथी, चाकवत काय हवं ते लावू दे त्यांना. पालेभाजी तीन पाण्यांनी धुवायची. आणि अंगणातल्या चपला दाराबाहेर ठेवायच्या. इथं आपली मूळची सवयच औषध आहे, कारण लहान मुलांच्या पोटात भाजीपेक्षा धुळीतूनच जास्त शिसं जातं.

हंटरडन काउंटीच्या किंवा होपवेलच्या बाजूला विहिरीचं, म्हणजे बोअरचं पाणी असलेलं घर बघत असाल तर आर्सेनिक तिथल्या खडकातच आहे, कोणी टाकलेलं नाही. घर विकताना अशा विहिरीचं पाणी तपासणं २००२ पासून सक्तीचं आहे. पाण्यातल्या आर्सेनिकची इथली मर्यादा केंद्राच्या निम्मी आहे, ५ पीपीबी, म्हणजे एक अब्ज भागांत ५ भाग.

नळाच्या पाण्याबद्दल. आपली माणसं पाणी उकळून पितात. उकळल्यानं जंतू मरतात. शिसं आणि पीफास नावाची, नॉनस्टिक भांड्यांत वगैरे वापरलेली, सहजी न मोडणारी रसायनं मरत नाहीत, उलट पाणी आटून थोडी दाटच होतात. २०२१ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी एडिसन-मेटचनच्या बाजूला हजारो घरांत पाणी कंपनीचं पत्र आलं की पीफोआ, या पीफासमधलंच एक रसायन, मर्यादेबाहेर गेलंय. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या आठवड्यात जे काही शास्त्र सांगितलं गेलं ते छापण्यासारखं नाही. मुद्दा एवढाच की पत्र का आलं? कारण न्यू जर्सीनं २०२० मध्येच पीफोआला १४ पीपीटी (एक लाख कोटी भागांत १४ भाग) आणि त्याच्याच भावंडाला, पीफॉसला, १३ अशी कायदेशीर मर्यादा घातली होती. केंद्राला स्वतःची मर्यादा आणायला २०२४ उजाडलं. आरओ लावायचाच असेल तर एनएसएफ ५८ हे प्रमाणपत्र बघा, बाकी जाहिराती सोडून द्या. जुन्या घरात रस्त्यावरून आत येणारा पाइप किल्लीनं खरवडा. चंदेरी चमकला, मऊ लागला आणि लोहचुंबक चिकटला नाही, तर शिशाचा. नुअर्क शहरानं असे सुमारे २३,००० पाइप तीनेक वर्षांत बदलले. ते आपोआप घडलं नाही, शाळेतल्या शिक्षकांनी शहराला कोर्टात खेचलं होतं.

रेडॉनचं लवकर उरकते. जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, वास नाही, रंग नाही, बेसमेंटमध्ये साठतो. चाचणी करा. हवेच्या लिटरला ४ पिकोक्युरीच्या (किरणोत्सार मोजायचं माप) वर आला तर एक पाइप आणि एक पंखा बसवतात, विकणाऱ्याकडून तेवढे पैसे कापून घ्या. आपल्याकडे आई-बाबांची खोली बेसमेंटमध्ये काढायची पद्धत पडलीय, म्हणून मुद्दाम सांगते.

बेसमेंटवरून पूर. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा आईच्या घरात माडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत वाशिष्ठी होती. मी इथून फोन लावत बसले होते. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १ सप्टेंबरला, आयडा वादळाचा पाऊस इथं पडला आणि न्यू जर्सीत ३० माणसं गेली, त्यातली कितीतरी गाड्यांमध्ये अडकून. सॉमरसेट काउंटी बघताय तर मॅनव्हिल नावाचं गाव एकदा जाऊन बघा, घर घ्यायला नाही, समजून घ्यायला. रॅरिटन आणि मिलस्टोन नद्यांच्या बेचक्यात बसलेलं कामगारांचं गाव. नाव पडलं जॉन्स-मॅनव्हिल या अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यावरून. गावाच्या ‘लॉस्ट व्हॅली’ भागात १९९९ ला पाणी, २०११ ला पाणी, २०२१ ला पाणी. राज्याची ‘ब्लू एकर्स’ योजना १९९५ पासून अशी घरं मालकाच्या राजीनं विकत घेते, पाडते आणि जमीन नदीला मोकळी सोडते. रस्त्यानं चालताना एक घर, दोन मोकळे प्लॉट, एक घर असं दिसतं, पडलेल्या दातांसारखं. राहिलेल्यांतल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, पैसे मिळतील, पण त्या पैशात याच गावात दुसरं घर येत नाही.

याच मॅनव्हिलमध्ये १९९६ साली एका घराच्या संप पंपातून, म्हणजे तळघरात साचलेलं पाणी उपसायच्या पंपातून, काळं, चिकट डांबरासारखं काहीतरी वर येऊ लागलं. चौकशी केली तेव्हा कळलं की साठच्या दशकात बांधलेली ती अख्खी वसाहत रेल्वेच्या लाकडी स्लीपरांना कुजू नयेत म्हणून क्रिओसोट पाजणाऱ्या जुन्या कारखान्याच्या खड्ड्यांवर आणि चरांवर उभी होती. सव्वाशेच्या वर घरं! गावातल्या जुन्या लोकांना कारखाना कुठं होता ते तोंडपाठ. घरं घेणाऱ्यांनी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

पुराचं तुमच्यासाठी एक बरं आहे. मार्च २०२४ पासून विकणाऱ्यानं आणि भाड्यानं देणाऱ्यानंही पुराचा इतिहास लेखी सांगणं इथं बंधनकारक आहे. तो फॉर्म नीट वाचा, आणि साध्या घरविम्यात पूर नसतो हे विसरू नका.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, पण माझ्या मते सगळ्याच्या मुळाशी असलेली. राज्याच्या उत्तर टोकाला डोंगरात रिंगवुड आहे. तिथं रामापो लेनापी लोक राहतात, इथले मूळचे. राज्यानं त्यांना १९८० मध्ये मान्यता दिली. जुन्या लोखंडाच्या खाणींभोवती त्यांची घरं. १९६७ ते १९७१ या काळात मावा नावाच्या गावातल्या फोर्डच्या मोटार कारखान्यातला रंगाचा गाळ या खाणींत आणि आसपासच्या जंगलात ओतला गेला. शिसं, आर्सेनिक, बेंझिन. पोरं त्या रंगीत, चिखलासारख्या गाळात खेळली. मोठी माणसं त्याच रानात शिकार करायची, कंद-औषधी गोळा करायची. १९८३ ला जागा सुपरफंड यादीत आली. सफाई झाली म्हणून १९९४ ला यादीतून काढली. रामापो लोक सांगत राहिले की अहो, या ओढ्याच्या काठाला अजून आहे, त्या घराच्या मागं अजून आहे. २००६ मध्ये ती पुन्हा यादीत घालावी लागली. काढून परत घातलेली देशातली ही पहिलीच जागा. मी तिथं एकदा दुसऱ्या एका कामानिमित्त गेले होते. वाळक्या पानांखालून एका आजींनी काठीनं एक पोपडा उचकटून दाखवला, सिमेंटच्या ढेपेसारखा कडक, तुटलेल्या कडेला निळा-करडा थर. त्या म्हणाल्या, नकाशात हा नाहीये, बघ. नव्हताच.

त्याच डोंगराच्या उताराला वनाक्यूचा जलाशय आहे, वीस लाखांवर लोकांचं पाणी. मॉन्टक्लेअरला घर घेतलंत तर तुमचंही. म्हणजे त्या आजींची कटकट ही काही परक्यांची गोष्ट उरत नाही.

तुम्ही आत्ता राहता त्या जर्सी सिटीतही तसंच. हडसन काउंटीतल्या तीन कारखान्यांचा क्रोमियमचा कचरा भराव म्हणून घरांखाली, रस्त्यांखाली, मैदानांखाली टाकला होता. तळघरांच्या भिंतींना पिवळट हिरवे स्फटिक यायचे. रूट ४४० लगतची ३४ एकर जागा, सुमारे १५ लाख टन कचरा. तो खणून काढायचा हुकूम २००३ मध्ये केंद्रीय न्यायालयानं दिला तो स्थानिक चर्चच्या संघटनेनं आणि रहिवाशांनी लावलेल्या दाव्यात. आज तिथं बेफ्रंट नावाची नवी वसाहत होते आहे आणि तिथले फ्लॅट आपली मुलंही घेतील.

२०२० साली न्यू जर्सीनं एक कायदा केला. गरीब, कृष्णवर्णीय, स्थलांतरित वस्त्यांवर आधीच कारखाने, कचराभट्ट्या, ट्रकांचा धूर यांचा बोजा असेल, तर तिथं आणखी एका प्रकल्पाला परवानगी नाकारणं पर्यावरण खात्यावर बंधनकारक. सल्ला नाही, बंधन. देशात असा पहिलाच. नियम २०२३ ला आले. त्यामागं नुअर्कच्या आयर्नबाउंडसारख्या मोहल्ल्यांनी पन्नास वर्षं घातली आहेत. या कायद्यात बसणाऱ्या वस्त्यांच्या नकाशात एडिसनचे, जर्सी सिटीचेही भाग आहेत, कारण ४० टक्क्यांहून जास्त लोक अल्पसंख्य असले तरी वस्ती त्यात मोडते. आपण त्यात मोजले जातो. टाउनशिपच्या सुनावणीला मात्र आपल्यातला एखादाच दिसतो, तोही पार्किंगबद्दल बोलायला.

आयर्नबाउंडवरून शेवटची एक गोष्ट, सासरे कोकणातले असतील तर फार कामाची. आमच्याकडे उन्हाळ्यात चिंबोऱ्या पकडायला जायचं वेड आहे. दोरीला कोंबडीचा पाय बांधायचा आणि धक्क्यावर बसायचं. आयर्नबाउंडमधल्या लिस्टर अव्हेन्यूवरच्या कारखान्यात एजंट ऑरेंज, म्हणजे व्हिएतनाम युद्धात फवारलेलं तणनाशक, बनायचं, त्यातलं डायॉक्सिन हे जहाल विष पसेइक नदीत गेलं, १९८३ ला सापडलं. खालच्या ८.३ मैलांच्या सफाईचा सुमारे १३८ कोटी डॉलरचा निर्णय २०१६ ला झाला. डायॉक्सिन खेकड्याच्या मांसापेक्षा आतल्या हिरवट-पिवळ्या भागात साठतं, आपण जो आवडीनं चोखतो. आणि उकळल्यावर ते रश्शात उतरतं. आपण तर नांग्या वाटून, गाळून, त्याच पाण्याचा रस्सा करतो! पसेइक, हॅकनसॅक, नुअर्क बे, आर्थर किल या भरतीच्या पाण्यातले निळे खेकडे पकडणंच बंद आहे. पाट्या आहेत, त्या स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्येही आहेत. मराठीत नाहीत, म्हणून इथं लिहिलं. खाली बार्नेगट बेला जा. तिथल्याही चिंबोरीचा आतला भाग काढून टाका आणि शिजवलेलं पाणी ओतून द्या, रश्शाला कोळंबीचं पाणी वापरा. आईनं चाखून बघितलं होतं. म्हणाली, चालेल, पण याला चिंबोरीचा रस्सा म्हणू नका.

घराचा पत्ता मला वेगळा कळवलात तर १९३० च्या छायाचित्रात तिथं काय होतं ते बघून सांगते. तोवर या शनिवारी जाऊन डावीकडच्या शेजाऱ्याची बेल वाजवा.